गोटीरामकाकांचा ट्रॅक

कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मी वाद घालणार नाही.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या, निशांतच्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि ना ही अमावस्येची रात्र होती, ना ओसाड जागा.

रविवार, १८ फेब्रुवारी २०२४. सकाळचे साडेअकरा. तळोज्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा हॉल. समोर चारशे माणसं, सगळे दिवे लागलेले, मागे जेवणाची तयारी चाललेली.

त्या चारशेंपैकी कुणालाही आज विचारा. आधी विषय बदलतील.

निशांतसुद्धा आठ महिने आमच्यापैकी कुणाशी यावर एक शब्द बोलला नव्हता. मग दिवाळीत आमच्याकडे नेरुळला आला, मला गॅलरीत घेऊन गेला आणि दीड तास बोलत राहिला. तो बोलला तसंच सांगते. ऑर्केस्ट्राचं नाव मात्र लिहीत नाही.

निशांत घणसोलीला राहतो. घरात तो आणि मावशी. इंजिनीअरिंग अर्ध्यावर सोडून तो कीबोर्डच्या मागे लागला आणि नंदकिशोरच्या ऑर्केस्ट्राला जाऊन चिकटला.

हा नंदकिशोर ऑर्केस्ट्राचा मालक. सहा फूट उंच. माइकसमोर मधाळ, स्टेजमागे तोंडात शिवी. हात उगारायला त्याला कारण लागायचं नाही.

आणि ढोलकीवर गोटीरामकाका.

काका तळवली गावचे. वयाची बासष्ट वर्षं उलटलेली. घणसोलीपासून दिघ्यापर्यंत असं एक गाव नसेल, जिथल्या हळदीत त्यांची ढोलकी वाजली नाही. थाप अशी की बसलेल्या म्हाताऱ्या पदर खोचून उठायच्या. पण काका लहरी. रंगात आले की गाणं दोन कडवी लांबायचं. गायिका अबोली हसत सांभाळून घ्यायची. नंदकिशोर मात्र दात खायचा.

"ह्या म्हाताऱ्याचं कायतरी करायला पायजे," तो एकदा निशांतला म्हणाला. "आपन ट्रॅकवर जाऊ."

ट्रॅक म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं वाजवणं. गायिका समोर खरी गाते. बासरी, व्हायोलिन, ढोलकी, सगळं लॅपटॉपमधून येतं. लोकांना कळतही नाही. आजकाल बरेच जण असंच करतात.

मे २०२३ मध्ये निशांतने काकांना घरी बोलावलं.

"प्रॅक्टिससाठी रेकॉर्ड करतोय, काका."

हे खोटं होतं. निशांतला ते माहीत होतं.

तीन दुपारी काका त्याच्या बेडरूममध्ये बसून वाजवत होते. माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद. घाम हनुवटीवरून टपटप ढोलकीवर पडायचा. काका तो पुसायचे आणि परत वाजवायचे. चाळीस गाणी वाजवली त्यांनी. मधे मावशीच्या हातचं कोकम सरबत प्यायचे आणि विचारायचे, "पोरा, मस्त आलाय ना रं आवाज?"

एकच अडचण होती. जोरकस थापेच्या आधी काकांच्या तोंडून एक हुंकार निघायचा.

"हंऽ..."

माइक तो नेमका पकडायचा. निशांतने आठवडाभर बसून एकेक हुंकार कापून काढला. चाळीस गाण्यांत एकही ठेवला नाही.

जूनपासून काकांना फोन जाणं बंद झालं.

त्यांच्या जागेवर नंदकिशोरने अंकुशला बसवला. अंकुश म्हणजे ऑर्केस्ट्राच्या टेम्पोचा ड्रायव्हर. पस्तिशीतला, दिसायला देखणा. अंगात जरीचं जॅकेट, डोक्यावर फेटा. ढोलकीच्या दोऱ्या सैल सोडलेल्या, म्हणजे चुकून हात पडला तरी आवाज नको. तो नुसते हात हलवायचा. स्पीकरमधून काका वाजायचे.

सात महिने सगळं सुरळीत चाललं.

मग २१ जानेवारी उजाडली.

घणसोलीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा समारंभ होता. दुपारचे चार. मोकळ्या प्लॉटवर मांडव, समोर तीनेकशे बायका. आणि बाहेरच्या रस्त्याने गोटीरामकाका कुठूनसे घरी परतत होते.

त्यांना स्वतःचा हात ऐकू आला.

निशांत स्टेजच्या कडेला, पडद्याआड लॅपटॉप घेऊन बसला होता. खांद्यावर कुणीतरी हात ठेवला तसा तो दचकला.

"पोरा... ह्यो माझा हात हाय."

काका त्याच्याकडे बघतच नव्हते. फेटा बांधून हात हलवणाऱ्या अंकुशकडे बघत होते.

"काका, नंतर बोलू या. प्रोग्रॅम चालू आहे."

"बंद कर. आताच्या आता बंद कर. मी जित्ता हाय रं. जित्त्या मानसाचा हात तुमी त्या डब्यात कोंडला?"

निशांतने बंद केलं नाही.

तेवढ्यात नंदकिशोर आला. त्याने काकांची मानगूट धरली आणि त्यांना स्टेजमागे ओढत नेलं. त्याची दोन माणसं तिथे होतीच. त्यांनी काकांना जमिनीवर पालथं पाडलं आणि दोन्ही हात फाकवून दाबून धरले. नंदकिशोरने बाजूला पडलेल्या स्पीकरच्या स्टँडचा लोखंडी पाइप उचलला.

"हात पायजे ना तुला? घे हात."

पहिला घाव उजव्या पंजावर बसला.

निशांतपासून ते जेमतेम दहा फुटांवर होते. पडद्याच्या फटीतून त्याला सगळं दिसत होतं. बोटं वाकडी झालेली दिसली. हाड मोडल्याचा आवाज त्याला गाण्यातूनही ऐकू आला. काका ओरडले. असे ओरडले की पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या.

नंदकिशोरने मान वर केली. निशांतकडे बघून त्याने डावा तळवा दोनदा वर नेला.

आवाज वाढव.

आणि निशांतने वाढवला.

काकांच्याच ढोलकीचा आवाज वाढवला. तिच्याखाली काकांचं ओरडणं दडपून गेलं. निशांत घाव मोजत होता. का मोजत होता ते त्याला अजूनही सांगता येत नाही. दहा घाव हातांवर. अकरावा डोक्यात.

गाणं संपलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

काका चौथ्या दिवशी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

"स्टेजच्या पायऱ्यांवरून पाय घसरला," असं नंदकिशोरने पोलिसांना सांगितलं. साक्षीदार म्हणून निशांतने त्याखाली सही केली. अबोलीने त्याला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच पडले का रे?" तो हो म्हणाला.

मैताला तो तळवलीला गेला. काकांच्या बायकोने, सुंदराबाईने, त्याचे दोन्ही हात धरले.

"तुझ्या घरी वाजवून आले, तवा किती खूश होते रं ते."

निशांतने हात सोडवून घेतले.

पुढच्या आठवड्यात तळोज्याच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली. भर दुपारी दोन वाजता निशांत बेडरूममध्ये हेडफोन लावून बसला. पहिलं गाणं लावलं.

आणि...

"हंऽ..."

त्याला वाटलं, एखादा हुंकार कापायचा राहिला असेल. त्याने ढोलकी सोडून बाकी सगळं बंद केलं आणि परत ऐकलं.

"हंऽ..." थाप. "हंऽ..." थाप.

कापलेले सगळे हुंकार जिथल्या तिथे होते.

तिसऱ्या कडव्यानंतर ढोलकी थांबली. मूळ गाण्यात ती थांबत नाही. दोन सेकंद काहीच नाही. मग...

ठप्प.

ही थाप नव्हती. चामड्यावर हात पडल्याचा हा आवाजच नव्हता. खाटकाच्या ओंडक्यावर सुरा पडतो ना, तसा. जड आणि ओला.

ठप्प... ठप्प... ठप्प...

निशांतच्या ओठांतून आकडे निघत होते. अकराला तो आवाज थांबला.

त्याने फाइलची तारीख बघितली. मे २०२३. त्यानंतर कुणी हात लावलेला नव्हता.

हेडफोन ओरबाडून काढला तर दारात मावशी उभी.

"कोण कण्हतंय रे?"

"कुठे काय?"

"अरे, हॉलपर्यंत ऐकू येतंय. कुणाला लागलंय का?"

आवाज फक्त हेडफोनमध्ये होता. बाहेरचे स्पीकर लावलेलेच नव्हते.

निशांतने त्याच दुपारी लॅपटॉपमधल्या चाळीसच्या चाळीस गाण्यांतून काकांची ढोलकी काढून टाकली. नंदकिशोरला म्हणाला, "खरा ढोलकीवाला आणा. मला हे जमणार नाही."

नंदकिशोरने त्याच्या कानाखाली जाळ काढला.

"रेडिमेड ठेका टाक बाजारातला. आणि तोंड बंद ठेव. सही तुझी पण आहे."

निशांतने रेडिमेड ठेका टाकला. कुठल्यातरी अनोळखी माणसाने वाजवलेला. म्हणजे तळोज्याच्या कार्यक्रमाला काकांची एकही थाप त्या लॅपटॉपमध्ये नव्हती.

हे नीट लक्षात घ्या. एकही नव्हती.

पहिली तीन गाणी छान झाली. कामगार, त्यांची बायकामुलं, साहेब लोक, सगळे खुशीत. चौथं गाणं लावणीच्या ढंगाचं होतं. अबोलीने पहिली ओळ उचलली.

निशांतच्या एका कानात नेहमी इअरफोन असतो. त्यात ताल मोजणारी टिकटिक येते, म्हणजे ट्रॅक आणि वाजवणारे एकत्र राहतात.

ती टिकटिक थांबली.

मग अगदी कानाला तोंड लावून कुणीतरी...

"हंऽ..."

आणि ढोलकी कडाडली.

एका थापेत निशांतने हात ओळखला. लॅपटॉपकडे बघितलं तर स्क्रीनवरचा ट्रॅक जागच्या जागी गोठलेला. तरी ढोलकी चालूच होती. लय चढत होती.

अंकुश आधी हसत होता. मग त्याने खाली बघितलं.

त्याचे हात आपोआप चालले होते.

सैल दोऱ्यांची ढोलकी, जिच्यातून फट असा आवाजही निघायचा नाही, ती कडकडत होती. अंकुशने हात मागे खेचायचा प्रयत्न केला. खांदे मागे गेले, पण पंजे ढोलकीवरच पडत राहिले. अजून जोरात. अजून जलद.

"निशांत! थांबव! थांबव ना भावा!"

तळव्याचं कातडं फाटलं. पांढऱ्या चामड्यावर लाल ठसे उमटायला लागले. मग ठसे कळेनासे झाले, सगळंच लाल झालं. जरीच्या जॅकेटवर शिंतोडे उडत होते. एक नख उडून अबोलीच्या पायाशी पडलं. ती किंचाळली.

समोर लोक शिट्ट्या मारत होते. त्यांना वाटलं, काय जबरदस्त वाजवतोय! दोन लहान मुली पुढे येऊन नाचत होत्या.

निशांतने लॅपटॉप बंद केला. वायर उपटल्या. मग साउंडचा मुख्य स्विचच पाडला. अबोलीचा माइक मेला. मिक्सरवरचे लाल दिवे विझले.

ढोलकी स्पीकरमधून वाजतच राहिली.

आता मात्र शिट्ट्या थांबल्या.

नंदकिशोर धावत स्टेजवर चढला. "काय नाटक लावलंय?" म्हणत त्याने ढोलकीला लाथ घातली. ढोलकी घरंगळत पडद्याला जाऊन लागली. अंकुश एका अंगावर कोसळला आणि निपचित पडला.

ढोलकी थांबली.

मागे कुणीतरी भाताचं पातेलं खाली ठेवलं, तेवढा आवाज आला.

मग...

"हंऽ..."

या वेळी तो सगळ्यांना ऐकू गेला.

नंदकिशोर गुडघ्यांवर पडला. कुणी त्याला मागून लाथ मारावी तसा पडला. त्याचा उजवा हात पुढे खेचला गेला आणि पंजा स्टेजच्या फळीवर आपटला. मग डावा. दोन्ही हात फाकलेले, तळवे फळीला चिकटलेले. तो सहा फुटी माणूस जिवाच्या आकांताने हात ओढत होता, पण त्याचं बोटसुद्धा हलत नव्हतं.

त्याच्या आसपास कुणीही नव्हतं.

ठप्प.

उजव्या पंजाची मधली तीन बोटं उलटी वळली. लोकांनी डोळ्यांनी बघितलं. वर काही नाही, बाजूला काही नाही, आणि बोटं मोडली.

ठप्प.

अंगठा.

ठप्प.

नंदकिशोरने तोंड उघडलं. तो ओरडत होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. पण त्याचा आवाज येत नव्हता. फक्त घाव ऐकू येत होते.

निशांत जागच्या जागी उभा होता. इअरफोनची वायर त्याच्या छातीवर लोंबत होती. ती कशालाच जोडलेली नव्हती. त्याच कानात काका म्हणाले,

"पोरा... आवाज वाढव."

निशांतने मिक्सरवरचा खटका वर सरकवला.

बंद पडलेल्या सगळ्या स्पीकरमधून नंदकिशोरची किंकाळी एकदम बाहेर पडली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. लोक खुर्च्या तुडवत दाराकडे पळाले. कुणी पडलं, कुणाच्या अंगावरून कुणी गेलं, लहान मुलांच्या नावाने हाका सुटल्या. घाव पडतच होते. मनगटं मोडली. एका हाताचं हाड कातडीतून बाहेर आलं.

"मीच वाढवला, ताई," निशांत मला म्हणाला. "कुणी माझा हात धरला नव्हता. मी शेवटपर्यंत वाढवत गेलो."

दहा झाले.

अकराव्याला नंदकिशोरचं डोकं पुढे आदळलं आणि किंकाळी तुटली.

नंदकिशोर जिवंत आहे. दोन्ही हात मनगटापासून काढावे लागले. डोळे उघडे असतात, पण बोलत नाही, कुणाला ओळखत नाही. डॉक्टरांनी लिहिलंय, जड वस्तूचा मार. कसली वस्तू, कुणी मारली, याचं उत्तर कुणाकडे नाही. पाच-सहा जणांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. त्यात अंकुशचे हात दिसतात, नंदकिशोर दिसतो. आवाज मात्र फक्त लोकांच्या पळापळीचा. ढोलकी कुठल्याच मोबाइलमध्ये आलेली नाही.

अंकुशच्या तळव्यांची कातडी परत आली. तो गावी निघून गेला.

निशांत दुसऱ्याच दिवशी पोलीस स्टेशनला गेला आणि २१ जानेवारीचं सगळं सांगून आला. सहीचंही. ती दोन माणसं पकडली गेली. केस चालू आहे. निशांतचंही नाव त्यात आहे, तो जामिनावर आहे.

मार्चमध्ये तो तळवलीला सुंदराबाईकडे गेला. ओट्यावर बसून त्याने तिला सगळं सांगितलं. पडद्याची फट, पाइप, आवाज वाढवला ते, सगळं. तिने मारलं नाही. शिवी दिली नाही. रडलीसुद्धा नाही.

मग एवढंच विचारलं, "ते वाजवलेलं हाय तुझ्याकडं?"

मूळ रेकॉर्डिंग घरच्या हार्ड डिस्कवर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ते घेऊन गेला. सुंदराबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली. त्याने तिच्या कानांवर हेडफोन ठेवला आणि गाणं लावलं.

ती डोळे मिटून ऐकत होती. गुडघ्यावर बोटाने ताल धरला होता.

मग बोट थांबलं.

तिने डोळे उघडले. समोरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघितलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "हां... बोला."

तिने त्याच्याकडे मान वळवली. "तू भायेर जा."

तो बाहेर शेवग्याच्या झाडाखाली उन्हात उभा राहिला. आतून तिचा हळू आवाज येत होता. ती बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. एकदा हसली. एकदा "नाय, नाय, तसं नाय करायचं," असं ठासून म्हणाली.

पाऊण तासाने ती बाहेर आली आणि हेडफोन त्याच्या हातात दिला.

"तुझं नाव घेतलं त्यांनी."

"काय म्हणाले, काकी?"

तिने पदर सारखा केला.

"ते तुला सांगायचं नाय."

तेव्हापासून निशांत दर महिन्याला तळवलीला जातो. तिची औषधं आणून देतो, गॅस सिलिंडर आणून देतो. प्रत्येक वेळी निघताना विचारतो, "काकी, काय म्हणाले होते?" ती प्रत्येक वेळी म्हणते, "जेवून जा."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मात्र ती तसं म्हणाली नाही. त्याच्याकडे बघत राहिली. दया आल्यासारखी. मग हळूच म्हणाली,

"तुझी आई दुपारची घरात एकटीच असते का रं?"

निशांतने त्याच दिवशी मावशीला आमच्याकडे आणून सोडलं. का, ते तिला सांगितलेलं नाही. मी सध्या घरूनच काम करते. दुपारी बारा ते चार मी तिच्या खोलीतून हलत नाही.

ती विचारते, "अगं, तू अशी माझ्याकडे काय बघत बसतेस?"

काय सांगू तिला?